न उगवलेला शुक्रवार

सामोआतल्या सवाईई बेटावरच्या दवाखान्यात फुआतिनोबाई तीस वर्षं जन्मनोंदी लिहीत आल्या होत्या आणि या तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झालेली नव्हती. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, कारण त्या स्वतःच दर रविवारी चर्चच्या पायरीवर ते सांगत. दुसऱ्या कुणी तारीख चुकवली तर मात्र त्याची धडगत नसे. पाद्रीबुवांनीसुद्धा एकदा बोलणी खाल्ली होती.

यंदा त्या नोंदी संगणकात चढवायला राजधानीतून, आपियाहून सेमिसी आला. पहिल्याच फेरीत संगणकाने निम्म्याहून जास्त नोंदी परत फेकल्या. वह्या टाइप केल्या होत्या बाईंच्या भाचीने. ती शेजारच्या अमेरिकन सामोआत, पागो पागोला वाढलेली, त्यामुळे तिथल्या अमेरिकन रीतीने महिना आधी, दिवस नंतर. दिवसालाच महिना समजून वाचल्यावर पंचविसावा महिना आणायचा कुठून, म्हणून संगणक अडला.

"अडलेल्यांची काळजी नाही," सेमिसी म्हणाला. "बाराच्या आतल्या तारखा त्याने उलट्याच गिळल्यात, त्या खऱ्या धोक्याच्या." त्याने सगळ्या तारखा आधी नुसता मजकूर म्हणून घेतल्या, मग दिवस कुठला नि महिना कुठला ते संगणकाला बजावलं. सगळं सुरळीत चढलं. एक ओळ सोडून.

ती ओळ लुपेसिनाची. पोरगी नेटबॉलच्या संघातून ऑकलंडला निघालेली. उद्या दाखला मिळाला नाही तर पासपोर्ट नाही, आणि तिच्या जागी दुसरी जाणार. तिची आई ताउसागा बाकावर पंख्याने वारा घेत बसली होती.

"तीस डिसेंबर दोन हजार अकरा. माझ्या हातची नोंद आहे," बाई म्हणाल्या. "तुझा डबाच बिघडलाय."

सेमिसीने तारीख पुन्हा टाइप केली. एकोणतीस घातली, चढली. एकतीस घातली, चढली. तीस घातली की अडे. आदल्या वर्षाची तीस मात्र मुकाट चढली. मग तो खुर्चीत मागे रेलून हसायलाच लागला.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? इथेच, ड्यूटीवर!"

"अहो, त्या दिवशी अख्ख्या सामोआत कुणीच कुठे नव्हतं! देशाने आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली ना तेव्हा? गुरुवारी झोपलो ते शनिवारी उठलो. तो शुक्रवार आपल्याकडे उगवलाच नाही. संगणक इथल्या वेळेवर लावलाय, त्याला तो दिवस सापडणार कसा?"

बाईंना आता आठवलं. तेव्हा आठवडाभर रेडिओ ओरडून सांगत होता, पण हाताने सवयीने एकोणतीसपुढे तीस लिहून टाकलं होतं.

"जाऊ द्या," सेमिसी म्हणाला, "जो दिवस झालाच नाही, त्या दिवशीची चूक कसली धरता?"

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी वही ओढली, लाल शाईने तीस खोडून एकतीस लिहिलं आणि शेजारी सही केली. त्यांचे कान तापले होते.

"ताउसागा, तू तरी सांगायचंस गं!"

"सांगितलं की. मी शनिवार म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, कळा देऊन डोकं फिरलंय तुझं, झोप आता."

"मग पुढे चौदा वर्षं गप्प का बसलीस?"

ताउसागाने पंखा थांबवला. "दर वर्षी तीस तारखेला तुम्ही सकाळी सकाळी नारळाचे पाव घेऊन दारात उभ्या. तुम्हाला परत कोण पाठवणार? आम्ही तिचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी करतो, उरलेल्या पावांवर."