सीपीयूची गोधडी

शेजारच्या आक्का घरात आल्या की आधी हाताची वीत पसरत. खुर्चीत टेकायच्या आधी, "काय करताय बाई" विचारायच्याही आधी. घरात नवी वस्तू दिसली की अंगठा तिच्या एका कडेला, करंगळी दुसऱ्या कडेला, आणि तोंडाने माप चालू. "दीड वीत आन् दोन बोटं. उद्या आणतो." आणि दुसऱ्या दिवशी त्या मापाचं कव्हर शिवून यायचं.

"आणतो" असंच म्हणत त्या. आमच्याकडच्या बायका मी येतो, मी जातो असंच बोलतात. तुम्हा नातवंडांना त्याचं हसू यायचं आणि आक्का तुम्हाला पोटभर हसू द्यायच्या.

मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, टीव्हीच्या रिमोटला कव्हर. गॅसच्या सिलिंडरला चुणीदार झगा. आजोबांच्या काठीच्या मुठीलासुद्धा लोकरीचा मोजा. म्हणून तर तुम्ही त्यांना कव्हरआजी म्हणायला लागलात. परवाच्या रविवारी तुम्ही विचारलंत, कव्हरआजींची खुर्ची रिकामी का? मी "गावाला गेल्यात" म्हणून विषय बदलला. खरं सांगायचं तर तेव्हा माझा राग इतका ताजा होता की तोंड उघडलं असतं तर भलतंच बोलले असते. राग आला की मी लिहायला बसते, म्हणजे वाक्यं तरी सरळ राहतात.

पण आक्कांवरही मी एकदा अशीच भडकले होते. ते आधी सांगते.

आजोबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा एकेक शब्द खोल विहिरीतून पोहऱ्याने ओढून काढावा तसा येतो, हे तुम्ही पाहताच. तुम्ही परदेशातून व्हिडिओ कॉल करायचात, पण मोबाईलवर त्यांना तुमचे चेहरे दिसत नसत. म्हणून तुमच्या बाबांनी मोठ्या पडद्याचा संगणक घेऊन दिला आणि रविवार सकाळचा तास ठरला. आठवडाभर आजोबा मनाशी एकच वाक्य जुळवत आणि रविवारी ते तुम्हाला सांगायला बसत. वाक्य अर्ध्यावर आलं की पडदा काळा. सूचना नाही, कुरकुर नाही, काही नाही. पुन्हा चालू करावा तर पुन्हा बंद, आणि या खेपेला आणखी लवकर.

यंत्र बंद पडलं हे आजोबांना पटत नसे. त्यांना वाटे, तुम्ही उठून गेलात. "कंटाळली," एवढंच म्हणत आणि खुर्ची खिडकीकडे वळवायला सांगत. मुलींना इंग्रजी शिकवण्यात माझी सारी नोकरी सरली, पण कधी कुणावर पट्टी उगारली नाही. त्या पत्र्याच्या डब्याला मात्र लाथ घालावीशी वाटे. आणि तुम्हीही कमी नव्हतात. "आजी, रीस्टार्ट कर." जणू मी तोवर त्याच्यासमोर आरती ओवाळत बसले होते.

दुकानातले दुरुस्तीवाले आले. त्यांच्यासमोर तो दुपारभर शहाण्या मुलासारखा चालला. "चालतंय की मॅडम," ते म्हणाले. चालतंय हे मलाही दिसत होतं. तरी त्यांनी वायर बदलली. पुढच्या खेपेला व्होल्टेजला दोष देऊन स्टॅबिलायझर बसवला. मग व्हायरस म्हणून आतलं सगळं पुसून नव्याने भरलं, त्यात तुमच्या मुंजीचे आणि वाढदिवसांचे फोटो गेले. शेवटी म्हणाले, "तुमच्याच हातनं चुकून बटण दाबलं जात असंल." मी त्यांना चहा संपवू दिला आणि दार उघडून उभी राहिले.

या सगळ्या काळात आक्का आजोबांच्या शेजारच्या खुर्चीत असत. त्यांचा मुलगा वारणानगरला साखर कारखान्यात, त्याचा फोन आला तर आला. त्यामुळे तुमचा तास हळूहळू त्यांचाही झाला होता. "जेवलासा काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तुमच्याकडे रात्र आहे म्हटलं की, "मग झोपा की. आमचं काय, आमी हितंच हाय." आणि तुम्ही झोपायला निघालात की पुन्हा बोलत ठेवायच्या.

रविवारी त्या तासभर आधी यायच्या, कारण सीपीयूला कपडे घालायचे असत. हो, कपडेच. इतर वस्तूंना साधी कव्हरं, पण या डब्याला त्यांनी चक्क गोधडी शिवली होती. वर जांभळी इरकल, आत मऊ लुगड्यांचे थर, सगळीकडून बारीक धावदोरा. बटणासाठी पुढे काज, वायरींसाठी मागे चीर. मी सांगितलं, आक्का, हा टेबलाखाली असतो, मुलांना दिसतही नाही. "त्यास्नी न्हाय दिसंना. आपल्याला दिसतंय न्हवं? पोरांच्या म्होरं उघडंवाघडं बसवू ने." तास संपला की गोधडी काढून घरी न्यायच्या, धुवायच्या, इस्त्री करून पुढच्या रविवारी आणायच्या. आठवडाभर डबा उघडाच, आणि त्यावर मी पत्रं लिही, बिलं भर, सगळं सुरळीत. रविवार आला की घात.

एका रविवारी आक्का भाचीच्या लग्नाला कागलला गेल्या होत्या. त्या दिवशी तास पूर्ण झाला. पडदा मिटलाच नाही. पण आजोबांनी त्या दिवशी वाक्याला हातच घातला नव्हता. मध्येच तुटणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. ते नुसते बघत बसले. तुम्ही निरोप घेतलात तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, कारण आज काय वेगळं आहे हे मला एकदम दिसलं.

पुढच्या रविवारी मी आक्कांना गोधडी घालू दिली. थोडा वेळ गेल्यावर मागच्या चिरेतून हात घातला आणि तव्यावर पडल्यासारखा चटका बसला.

"आक्का," मी म्हणाले, आणि माझा आवाज तुम्हालाही ऐकू गेला असणार, "याला वारा लागतो. आत पंखा आहे, त्याला श्वास घ्यायला जागा लागते. तुम्ही दर रविवारी त्याचा गळा आवळताय. आणि इकडे यांना वाटतंय, पोरं कंटाळून उठून गेली."

दुसरी कुणी असती तर रडली असती. आक्का माझ्यावर उलटल्या.

"मग त्याला बोलाय काय झालं? मानसाला घाम फुटला की पांघरून भिरकावतंय ते. ह्यो मुकाट बंद पडून बसतोय. इंग्रजीत सांगत असंल तर तुमाला कळाय पायजे हुतं, बाई. मला कुठलं कळतंय?"

त्यांचं खरं होतं, त्यामुळे माझा राग आणखी वाढला. आम्ही दोघी टेबलाखाली वाकून भांडत होतो आणि पडद्यावर तुम्ही हसत होतात. मग आक्कांनी कमरेची पिशवी उघडून कात्री काढली, गोधडी ओढून मांडीवर घेतली आणि कचाकच चार खिडक्या पाडल्या. इरकल फाटताना डोळे मी मिटले, त्यांनी नाही.

त्या रविवारी डबा उघडाच चालला. आजोबांनी किती तरी वेळ पडद्याकडे पाहिलं. आक्का त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "बोला दाजी. कुनी जात न्हाय." आणि आजोबांनी वाक्य काढलं. "तुझा... पतंग... माळ्यावर... ठेवलाय."

तू "कुठला पतंग, आजोबा?" म्हणालास, तेही मला आठवतं. पण ते ऐकून घेणारं कुणी तिकडे बसलंय, एवढं त्यांना पुरलं. त्यांनी खुर्ची वळवायला सांगितली नाही.

पुढच्या रविवारी गोधडी परत आली. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी, कडेने हिरवी पट्टी. "आता घे म्हनावं श्वास," आक्का म्हणाल्या. तेव्हापासून तो डबा एकदाही मध्येच बंद पडलेला नाही.

आता खुर्चीचं सांगते.

आक्कांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. जिन्यात पाय चुकून त्या पडल्या, फार लागलं नाही. पण मुलगा टेम्पो घेऊन आला. भांडी, गादी, देव, आक्का, सगळं एका दुपारी वारणानगरला गेलं. शिलाई मशीन तेवढं त्याने जाता जाता विकून टाकलं. मी जिन्यात त्याला अडवलं. त्यांना विचारलंत का, म्हटलं.

"त्यात काय विचारायचं, काकू? आता किती राबायचं तिनं? डोळ्याला ताण नको."

तो चांगला मुलगा आहे. आईला औषध वेळेवर देतो, तिला खाली वाकू देत नाही. सज्जन माणसावर ओरडता येत नाही, हीच त्याच्यातली सगळ्यात संतापजनक गोष्ट. वाईट असता तर मी जिन्यातच त्याचे वाभाडे काढले असते.

गेल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेले. कॉलनीतलं घर स्वच्छ, टापटीप. टीव्ही उघडा, मिक्सर उघडा, फ्रिजची मूठ उघडी. सून म्हणाली, कव्हरांत धूळ साठते. खरं आहे, साठते. मीही तेच म्हणाले असते. आणि तरीही त्या चकचकीत मिक्सरकडे बघून माझ्या हाताची मूठ वळली. आक्का पलंगावर बसल्या होत्या, हात मांडीवर उपडे ठेवून. ते हात मी असे कधीच पाहिले नव्हते. मुलगा कामावर निघताना म्हणाला, "आई अगदी निवांत हाय आता, काकू."

तुमच्याकडे मध्यरात्र उलटली होती, म्हणून फोन न लावता मी मोबाईलवर तुमचा फोटो उघडून दिला. त्यांनी मोबाईल चांगल्या डोळ्याजवळ धरला. "बारीक झालंय पोरगं," म्हणाल्या. "डबा बंद पडतोय काय?" नाही पडत, म्हटलं. "पतंग काढला काय माळ्यावरनं?" नाही काढला. तो आल्यावरच काढायचा, असं यांचं म्हणणं आहे.

मग त्यांनी मोबाईल पालथा केला आणि हात पसरला.

"ह्याला वीत कशाला, पाच बोटं बास. म्होरनं मोकळं ठेवतो, पोरांची तोंडं दिसाय पायजेत. मागं जाळी लावतो, न्हाय तर तापंल. उद्या..."

आणि त्यांनी खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या घरी अशाच कोपऱ्यात शिलाई मशीन असायचं; इथे पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं, त्याचा लाल दिवा लागला होता. त्यांची बोटं मोबाईलवर तशीच पसरलेली राहिली, माप धरून. बस सुटायची वेळ झाली होती, पण तो त्यांच्या हाताखालून काढून घ्यायला माझा हात पुढे होईना.