झाकलेलं सूप

लोहाऱ्यात पेंटर एकच, रामहरी. गावात फ्लेक्स आले आणि त्याच्या ब्रशांचे केस वाळून काटे झाले. तरी लोक त्याला पेंटरच म्हणत, पाटीलकी गेली तरी पाटलाला पाटील म्हणतात तसं. विचारत मात्र कुणी काही नसे. पारावर तो बोलायला लागला की लोकांना नेमकी रानातली कामं आठवत.

अशा माणसाला गौरीशंकर कंत्राटदारानं माकणीजवळ, धरणाच्या अंगाला बांधलेल्या आपल्या नव्या लग्नाच्या हॉलवर बोलावलं. कंत्राटदाराचा मुलगा श्रेयस इटलीची सहल करून आला होता आणि येताना मोबाइलमध्ये एक अख्खी खोली घेऊन आला होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा रोमन धनवंताच्या बंगल्यातली. लालभडक भिंतींवर बायकांचा कसलासा गुप्त विधी रंगवलेला. विधी इतका गुप्त, की घरधन्यानं तो बैठकीच्या खोलीत चारी भिंतींवर काढून घेतलेला! श्रीमंतांची रीत सगळीकडे सारखीच. कंत्राटदाराला हॉलमध्ये तो तसाच्या तसा हवा होता.

रामहरीनं जीव ओतला. उघड्या अंगानं नाचणारी बाई बघून कंत्राटदाराच्या आईनं, गजराबाईंनी, डोळ्यांना पदर लावला, म्हणून त्या नाचणारीला नऊवारी नेसवली. आसूड उगारलेली पंखवाली बाई गावानं मुकाट्यानं, पोतराजासारखी, देवीच्या माणसांत धरली. अडचण झाली ती गुडघ्यांवर बसलेल्या बाईची. तिच्यापुढं एक सूप, सुपावर कापड, आणि ती ते उचलायच्या बेतात. पण उचललेलं नाही.

वास्तुशांतीला जो तो विचारू लागला, कापडाखाली काय? श्रेयस म्हणाला, पेंटरला विचारा. रामहरीला काय ठाऊक? मोबाइलमध्येही ते झाकलेलंच होतं. पण एवढी माणसं आपल्या तोंडाकडं बघताहेत हे त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं आणि तो बोलून गेला, "ते सांगायचं नसतं."

झालं! न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत म्हणतात. रामहरीनं तोंड मिटलं आणि त्याचा कोंडासुद्धा खपू लागला. पारावर त्याला सरकून जागा मिळू लागली. मुलीचं स्थळ बघायला जाताना लोक त्याला बरोबर नेऊ लागले. तो नुसता हुंकार भरायचा आणि लोक त्याचा अर्थ लावत बसायचे.

घरात मात्र चमत्कारिक झालं. त्याची बायको अयोध्या तोंडाची फटकळ. तिनंही एकदोनदा विचारलं, तेच उत्तर मिळालं, तेव्हापासून ती गप्पच झाली. शिव्या नाहीत, टोमणे नाहीत. गरम भाकरी मुकाट्यानं ताटात पडे. गावात मान मिळाला आणि घरात बायको परकी झाली, असं त्याला वाटू लागलं. खरं सांगावं, तर आपला नवरा आतून रिकामा आहे हे तिला कळणार. त्याची त्याला फार भीती वाटत होती.

शेवटी एका सकाळी तो चुलीपाशी जाऊन बसला.

"अगं, मला ठावं न्हाय त्या सुपात काय हाय ते. म्या उगंच बोलून गेलो."

अयोध्येनं भाकरी उलटली. "ते मला पयल्याच दिवशी कळलंय."

"मग बोलत का न्हाईस माझ्यासंगं?"

"बोलले असते तर तुमी असंच भडाभडा सांगून टाकलं असतं. नुसतं कळणं येगळं; तुमच्या तोंडून ऐकल्यावर मला बी बाहेर तोंड मिटून ऱ्हायला जमलं नसतं." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "परवा गजराबाईच्या हळदीकुंकवाला बायांनी मला हात धरून पुढं बसवलं. पेंटरच्या बायकोला समदं ठावं असंल म्हणत्यात. ह्या घरात आल्यापासून मला कुणी पुढं बसवलं नव्हतं. आता कुणापाशी बोलू नगा."