टोरांटो ते सानपाडा, बावीस तास

आज सकाळी बाबा गेले.

धाकटा भाऊ टोरांटोला असतो. काका म्हणाले, "सिरियस आहेत, एवढंच सांग. एकट्याने यायचंय त्याला." आमच्याकडे असंच सांगतात. मीही तेच सांगितलं.

मग फोनवर अंतर बघितलं. साडेबारा हजार किलोमीटर. मधला एक थांबा धरून बावीस तास. दोनदा बघितलं, कशाला ते माहीत नाही.

विमानात बसताना त्याचा फोन आला. "ताई, डॉक्टरांना सांग, फक्त बावीस तास सांभाळा. मी येतोय."

"सांगते," म्हटलं. तेव्हा हॉलमध्ये बर्फाच्या लाद्या आणून ठेवत होते.

तो या ग्रुपवर नाही, म्हणून इथे लिहितेय. उद्या विमानतळावर मीच जाणार आहे. कोणी असं खोटं बोललं असेल तर सांगा, तो बाहेर आला की पहिलं काय बोलायचं?