शिलकीचा रकाना

मापवाल्या काकूंना नुसत्या नजरेने माणसाचं माप कळतं, असं गल्लीत बोललं जायचं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत खांद्याचा आकडा त्यांच्या मनात तयार असे. टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. नवरा गेल्यावर सहा वर्षं त्यांनी याच कामावर घर रेटलं होतं. पडदे, गणवेश, कोटाची अस्तरं, आखूड करायच्या पँटी. दोन मशीन, हाताखाली एक बाई आणि एकुलती एक लेक. तिला यंदा फिजिओथेरपीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता.

फॉर्म भरण्यात काकू स्वतःला तरबेज समजत. तीन वर्षांपूर्वी नव्या मशीनसाठी बँकेत गेल्या, तेव्हा तिथल्या माणसाने बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काकू, वहीत जमा होतं ते सगळं उत्पन्नात लिहा. हात आखडता घेतलात तर साहेब फाइल उघडणारसुद्धा नाहीत." त्यांनी लिहिलं आणि कर्ज मंजूर झालं. कागदावर भारदस्त दिसावं लागतं, ही खूणगाठ त्यांनी तेव्हाच बांधली. म्हणून कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या अर्जातही त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, वार्षिक उत्पन्न सहा लाख वीस हजार. 'शिल्लक' या रकान्यात मात्र नुसती आडवी रेघ ओढली.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. उत्पन्न मर्यादेबाहेर, मदत नामंजूर.

लेकीने पत्र दोनदा वाचलं. "आपण इतके श्रीमंत आहोत हे आधी सांगायचंस ना, आई. मी उगाच उसवलेलं दप्तर घेऊन फिरले."

"थट्टा पुरे. उद्या जाऊन विचारते."

"पण बाबांनी ठेवलेले पैसे आहेतच की. पहिल्या वर्षाची फी त्यातून भरू."

"बघू," काकू म्हणाल्या आणि मशीनवर वाकल्या.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच गेल्या. मदत विभागाची खिडकी जिन्याखाली होती. आतल्या बाईंनी अर्ज पुढे ओढला.

"यातून दोरा, अस्तर, बटणं वजा केलीत?"

"ती कशाला करायची? तो खर्च तर होतोच."

"दुकानाचं भाडं? हाताखालच्या बाईंचा पगार?"

"तोही जातोच की."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, तुम्ही शिवणकाम करता ना? मग हे अंगातल्या कोटावरून माप घेतल्यासारखं झालं. सगळं जाऊन हातात उरतं ते उत्पन्न. बँकेला मोठा आकडा बघायचा असतो, आम्हाला खरा."

मग त्यांनी सावकाश समजावलं. अनुदान परत करायचं नसतं. कर्ज शिक्षण संपल्यावर व्याजासकट फेडायचं असतं. तिसरी सोय म्हणजे कॉलेजातच तासांवर काम. "आधी अनुदान मागा, मग काम बघा, तरीही भागलं नाही तर कर्ज. लोक घाबरून उलट्या टोकापासून सुरुवात करतात. शुक्रवारपर्यंत फेरतपासणीचा अर्ज द्या. आणि ही रेघ चालायची नाही, इथे आकडा लागतो. खाली तुमची सही, शेजारी मुलीची."

"तिची कशाला?"

"मदत तिच्या नावावर मिळते. तिने वाचलेलं असायला हवं."

म्हणजे शिलकीचा आकडा लेक वाचणार होती. वडील गेले तेव्हा लेक बारा वर्षांची होती. आता शाळा सोडावी लागेल का, असं तिने विचारलं, तेव्हा काकू बोलून गेल्या होत्या की बाबांनी तुझ्या शिक्षणाचे पैसे वेगळे ठेवलेत. त्या एका वाक्यावर पोरीने सहा वर्षं निर्धास्त अभ्यास केला होता.

गुरुवारी संध्याकाळी कापड बेतायच्या टेबलापाशी दोघी बसल्या. एकेक खर्च वजा करत उत्पन्न दोन लाख दहा हजारांवर आलं. मग काकूंनी शिलकीच्या रकान्यात लिहिलं, नऊ हजार चारशे. आणि कागद लेकीपुढे सरकवला.

"हे दुकानाचं खातं ना?"

"हे सगळं मिळून."

"आणि बाबांचे?"

"ते बाबांवरच लागले. शेवटच्या चार महिन्यांत."

लेकीने तो आकडा पुन्हा वाचला. "मी मैत्रिणींना सांगायचे, माझ्या बाबांनी माझी सोय करून ठेवलीय."

"माहीत आहे मला."

"तरी बोलली नाहीस."

लेकीने सही केली आणि न जेवता आत जाऊन पडली. नंतरचे काही दिवस ती कामापुरतंच बोलत होती.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पूर्ण फी अनुदानातून, वसतिगृहाचा खर्च नाही.

"वसतिगृहासाठी मी कर्ज काढते," काकू लगेच म्हणाल्या.

"नको. ग्रंथालयात काम मिळतंय, आठवड्याला बारा तास. मी नाव देऊन आले."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, तू अभ्यास कर, पैसे आहेत."

लेकीने कामाच्या वेळांचा कागद काकूंपुढे ठेवला. त्या तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेल्या.