पद्मिनीनं रद्द करायला लावलेले सहा आठवडे

माझी आई पद्मिनी रायपूरच्या एका प्रयोगशाळेत चोवीस वर्षं तंत्रज्ञ आहे. श्यामकांतमामा सदर बाजारात दागिने घडवायचे. स्नायूंना हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जाण्याच्या आजारानं आधी त्यांचे हात गेले, मग वाचा. तेव्हा आईनं त्याच आजाराच्या प्रकल्पावर काम मागून घेतलं.

काम असं होतं. मज्जापेशींना तासभर जास्त उष्णता द्यायची. त्या ताणानं पेशीतली काही प्रथिनं एकत्र येऊन गोळे बनतात. ताण सरला की निरोगी पेशीत ते विरतात. आजारी पेशीत ते तसेच राहून घट्ट होतात आणि पेशीला मारतात का, हे पाहायचं होतं.

सहा आठवडे प्रयोग केले, पण निरोगी पेशींतलेही गोळे विरेनात. प्रकल्प सांभाळणारे तरुण शास्त्रज्ञ भार्गव खूश झाले. त्यांना वाटलं, नवीनच काही हाती लागलं.

आईला ते पटलं नाही. पेशी ठेवायच्या उबदार कपाटात तिनं स्वतःचा थर्मामीटर ठेवला. कपाटावरचा आकडा सदतीस, आतलं तापमान चाळीस.

"सर, या पेशींना आराम भेटलाच नाही. गोळे विरतील कसे?"

"दीदी, सहा आठवड्यांचं काम फेकून देऊ म्हणता?"

"हव. मले माहीत आहे काय सांगून राहिली ते. माझा भाऊ याच आजारानं पडला आहे. त्याच्या आजारावर खोटा कागद छापून नाही निघाला पाहिजे."

भार्गव दोन दिवस जुन्याच नोंदी चाळत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कपाट तपासलं आणि सगळी नोंद रद्द केली. कपाट दुरुस्त झाल्यावर दोघांनी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी निरोगी पेशींतले गोळे तीन तासांत विरले. आजारी पेशींतले दुसऱ्या दिवशीही तसेच होते, आणि त्या पेशी मरू लागल्या होत्या.

हे औषध नव्हतं, हे आईला माहीत होतं. पण जे हाती आलं ते खरं होतं.

या कामाचा शोधनिबंध छापून आला तेव्हा आई तो घेऊन बुढापाऱ्यात मामांच्या घरी गेली. मीही होते. तिनं सगळा मजकूर मराठीत समजावून सांगितला. मामांनी समोरच्या अक्षरांच्या पाटीवर एकेका अक्षराकडे नजर नेली. मी अक्षरं जुळवली: नावं वाच.

आई निबंधावरची लेखकांची नावं वाचू लागली. चौथ्या नावापाशी तिनं निबंध माझ्या हातात दिला, म्हणून ते मी वाचलं.

"पद्मिनी देशकर."

मामा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर पुन्हा पाटीवर गेली: अजून एकदा.