मधी गार हाय

आई होती तोवर अण्णांनी गावी, चकलांब्याला एकही जेवण मुकाट्यानं केलं नाही. मीठ कमी, भाकर जाड, काहीतरी असायचंच. तेच अण्णा ऑपरेशननंतर माझ्याकडे गेवराईला राहायला आले आणि ताटातलं सगळं गुमान संपवायला लागले. मला वाटलं, माझ्या हाताला चव आहे.

माझी दुपारची सुट्टी छोटी. शाळेतून धावत यायचं, रात्रीचं वरण फ्रीजमधून काढून मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवायचं आणि अण्णांना वाढायचं. एके दिवशी कडेनं वरण रटरटत होतं, वाडगा तर हाताला चटके देत होता. हातच्या काकणाला आरसा कशाला! तसंच वाढून मी पळाले.

संध्याकाळपर्यंत अण्णांना उलट्या, जुलाब. ताज्या टाक्यांवर हात दाबून ते कण्हत होते. सलाईन लावता लावता डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. आदल्या रात्री वरणाचं पातेलं झोपेपर्यंत ओट्यावरच होतं, हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, उरलेलं लवकर फ्रीजमध्ये ठेवा. तापवताना झाकण ठेवा, मधेच काढून ढवळा, मधूनही वाफ निघू द्या. वाडग्याच्या चटक्यावर जाऊ नका.

"अण्णा, वरण गार लागलं का तुम्हाला?"

"मधी गार होतं."

"मग सांगायचं न्हाई का?"

"लेकीच्या घरी ताटाला नावं ठिवावीत व्हय, बाई?"

मी चिडले, लई बोलले. खरं तर राग माझाच मला आला होता. माझ्या घरात माझा बाप पाहुण्यासारखा जेवत होता आणि मी त्या गुमान जेवण्याला माझ्या हाताची चव समजत होते.

त्यानंतर मी ढवळायला शिकले, मधला घास आधी स्वतः चाखायला लागले. महिनाभरानं एकदा मात्र घाईत विसरले. अण्णांनी खिचडीत बोटं घातली आणि ताट पुढं सरकवलं.

"मधी गार हाय. अन् मीठ कुठं हाय हिच्यात?"

मी ताट उचलून आत गेले. खिचडी ढवळताना डोळे घळाघळा वाहत होते. बाहेरून अण्णा ओरडले, "लवकर आण, भूक लागलीय!"