पडद्यामागून दहापैकी दहा

बाईंचा धंदा कुजबुजण्याचा. म्हणजे चहाड्या करण्याचा नव्हे. तसा गैरसमज लग्न ठरताना त्यांच्या सासूबाईंचाही झाला होता, आणि तो दूर करता करता सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. बाई नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होत्या. अडतीस वर्षं डाव्या विंगेत, गुडघ्यांवर नाटकाची वही उघडून, झाकलेल्या दिव्याच्या उजेडात त्या बसल्या. नट अडखळला की पुढचं वाक्य त्याच्या कानात सोडायचं, एवढंच काम. पण त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांची कुजबुज बारा फुटांवरच्या नटाला स्वच्छ ऐकू जायची आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला तिचा पत्ताही लागायचा नाही.

पुढे कंपनी बंद पडली. बाई निवृत्त झाल्या, पण जीभ निवृत्त व्हायला तयार होईना. बँकेतला कारकून "आपलं ते, हे, काय म्हणतात..." करायला लागला की बाई काचेच्या फटीतून "पासबुक" पुरवून मोकळ्या. शेजारच्या जोडप्याचं भांडण चाललं होतं, त्यात नवऱ्याला ऐन रंगात टोमणा सुचेना, तर बाईंनी बाल्कनीतून तो पुरवला. टोमणा चांगलाच लागला. शेजारीण दोन महिने बोलली नाही. एका शोकसभेत मुलगा म्हणाला, "बाबांचा स्वभाव म्हणजे अगदी..." आणि थांबला. मागच्या खुर्चीवरून "प्रेमळ" आलं. त्यानेही मुकाट्याने "प्रेमळ" म्हटलं. त्याच्या मनात दुसराच शब्द असावा असं पुष्कळांना वाटलं.

त्यांच्या नवऱ्याला सगळे नायकराव म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर, छाती पुढे, केस मागे, आणि भाजीवाल्याला "पालक आहे का?" विचारतानाही आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय. कंपनीत बाईंना एकोणिसावं लागलेलं असताना नायकराव एका प्रवेशात मध्येच थांबले, नवीन लागलेल्या या मुलीने वाक्य दिलं, आणि दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं. त्यानंतर प्रत्येक प्रयोगात ते कुठे ना कुठे थांबत आणि बाई वाक्य देत. बाईंनी मनाशी पक्कं धरलं होतं की माणूस गुणी, पण डोकं म्हणजे चाळण.

सहा वर्षांपूर्वी आरोग्य केंद्रातून एक चष्मेवाली संशोधक मुलगी घरी आली. माणसं म्हातारी कशी होतात, कोणाचं काय आधी थकतं आणि कोणाचं का थकत नाही, याचा त्यांचा अभ्यास चार वर्षांपासून चालू होता. त्यासाठी तीनशे म्हाताऱ्या माणसांना दर वर्षी तपासायचं होतं. गळालेल्यांच्या जागी चिठ्ठ्या टाकून नवी नावं काढली होती, त्यात नायकरावांचं निघालं. बाईंचं निघालं नाही. त्यांची नोंद झाली ती "सोबतची व्यक्ती" म्हणून.

केंद्रातली खोली लांबट होती. मूठ आवळायचं यंत्र होतं, फुंकर मारायची नळी होती, जमिनीवर चार मीटरची पांढरी पट्टी होती. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं, बसायचं. एका पायावर उभं राहायचं. नायकराव हे सगळं असं करायचे की शेवटी वाकून मुजराच करतील असं वाटावं. सर्वांत शेवटी स्मरणाची चाचणी. चष्मेवाली दहा शब्द सावकाश वाचून दाखवायची, पंधरा मिनिटं इकडचं तिकडचं विचारायची, आणि मग म्हणायची, "आता आठवतील तेवढे सांगा हं, आजोबा."

आणि सोबतच्या व्यक्तीने बसायची जागा कुठे? तर पडद्याच्या मागे! हिरवा, जाड, छतापासून जमिनीपर्यंत पडदा. त्यामागे खुर्ची, आणि खुर्चीपासून नायकरावांचा डावा कान बरोबर सहा फुटांवर. आता यात बाईंनी काय करायचं होतं, तुम्हीच सांगा.

पहिल्या वर्षी खरोखर हेतू काही नव्हता. शब्द वाचले गेले तसे त्यांनी सवयीने हातातल्या पाकिटावर लिहून घेतले. नायकरावांनी चार शब्द सांगितले आणि ते थांबले. पाचवा बाईंच्या तोंडून कधी निसटला ते त्यांनाही कळलं नाही. सहावाही गेला. चष्मेवाली कागदावर खुणा करत होती, तिला कानोकान खबर नाही. दहापैकी दहा!

घरी येताना मात्र बाई मनाशी मोजत राहिल्या. चार शब्दांवर थांबले. रंगमंचावर विसरायचे ते वेगळं, ते नाटक होतं. हे तर त्या मुलीने वाचलेले साधे दहा शब्द. यांचं खरंच जायला लागलंय का? मग मला विसरतील का? हा प्रश्न त्यांनी कोणालाच विचारला नाही. चाचणीत उघडं पडलं तर ते खरं होईल, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं. म्हणून दुसऱ्या वर्षी त्या जाडसर वही आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन गेल्या. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या वर्षीही गेल्या.

इकडे केंद्रात गडबड उडाली. सगळ्या म्हाताऱ्यांच्या आठवणीचा आलेख खाली उतरतोय आणि एकाच माणसाची रेघ सरळ आडवी! मुख्य डॉक्टर स्वतः घरी आले, सोबत चष्मेवाली आणि चाळीस पानांची प्रश्नावली. काय खाता, किती झोपता, चिडता का? नायकरावांना इतके लक्ष देऊन ऐकणारे प्रेक्षक बऱ्याच वर्षांत मिळाले नव्हते. ते खुलले. म्हणाले, "डॉक्टर, रहस्य सांगू? मी दात डाव्या पायावर उभा राहून घासतो." हे त्यांनी त्याच क्षणी रचलं होतं. पण बातमी फुटली, आणि आठवड्याभरात सगळी गल्ली सकाळी डाव्या पायावर उभी. समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांचा तोल गेला, पण बेसिन हाताशी होतं म्हणून निभावलं.

मग यंदा केंद्राकडून एक कागद आला. अभ्यासाला दहा वर्षं झाली, त्यानिमित्त कॉलेजच्या सभागृहात मेळावा. अभ्यासातली सगळी म्हातारी मंडळी, त्यांची मुलंबाळं, शेजारीपाजारी, बाहेरगावचे डॉक्टर. आणि कार्यक्रमात मधोमध छापलेलं: नायकराव सर्वांसमोर दहा शब्द आठवून दाखवतील.

"नाही म्हणून कळवा," बाई म्हणाल्या.

"प्रेक्षक किती असतील?" नायकरावांनी विचारलं.

"चारशे. अहो, पण..."

"चारशे!" नायकराव म्हणाले आणि कोटाला इस्त्री करायला उठले.

बाईंना घास गोड लागेना. चारशे लोकांसमोर हा माणूस चौथ्या शब्दावर उभा राहणार, आणि सगळ्यांना कळणार. ते काही त्या होऊ देणार नव्हत्या. मेळाव्याच्या दिवशी त्या तासभर आधी सभागृहात गेल्या, सराईत नजरेने रंगमंच पाहिला, आणि चित्रं दाखवायच्या मोठ्या पांढऱ्या पडद्यामागे स्टूल टाकून बसल्या. गुडघ्यांवर वही, हातात मोबाइलचा दिवा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाठ दुखत होती, पण खरं सांगायचं तर त्यांना मजाही येत होती. तिसरी घंटा झाल्यासारखं काळीज उडत होतं.

एकच गोष्ट त्यांना माहीत नव्हती. त्यांच्या काळात माईक रंगमंचाच्या कडेला टांगलेले असत. आता तो कॉलरला लावतात. नायकराव रंगमंचावर येण्याआधीच एका तंत्रज्ञाने तो बोटाएवढा माईक त्यांच्या कोटाच्या कॉलरवर, डाव्या बाजूला, कानाच्या जरा खाली अडकवला होता.

चष्मेवालीने शब्द वाचले. बाईंनी लिहून घेतले. मुख्य डॉक्टर पंधरा मिनिटं बोलले. मग नायकराव पुढे आले, सभागृहावर नजर फिरवली आणि म्हणाले, "आरसा. दोरी. छत्री."

आणि थांबले.

"कुलूप," बाई कुजबुजल्या.

सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतल्या मोठमोठ्या स्पीकरांतून एक बायकी, स्वच्छ, गंभीर आवाज घुमला: कुलूप.

लोक छताकडे बघायला लागले. नायकरावांनीही पाहिलं. स्पीकरांची तोंडं प्रेक्षकांकडे, पडद्यामागे बाईंना त्याचा पत्ताच नव्हता; आवाज पोचला नाही असं वाटून त्यांनी जरा जोर लावला.

"कुलूप! अहो, कुलूप! मग पिशवी!"

पिशवीला पोस्टमास्तर खुर्चीतून घसरले. सगळं सभागृह हसत सुटलं, बाहेरगावच्या डॉक्टरांनी चष्मे काढून डोळे पुसले. मुख्य डॉक्टर पडद्यामागे गेले आणि स्टुलावरच्या बाईंना, वही आणि पेन्सिलीसकट, हाताला धरून बाहेर घेऊन आले. बाई नवऱ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर उजेड पडला होता.

"सहा वर्षं मीच सांगतेय," त्या खाली मान घालून म्हणाल्या. शेजारी तो माईक होताच, सगळ्यांना ऐकू गेलं. "यांना चारच्या पुढे येत नाही. हे विसरायला लागलेत, आणि मला ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं."

हसू विरलं. चारशे माणसं, आणि त्यांतली तीनशे सत्तरीपुढची. ती भीती काय असते हे तिथे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिली सावरली ती चष्मेवाली. ती रागावली असती तर बाईंनी ऐकून घेतलं असतं, सहा वर्षांची मेहनत होती पोरीची. पण ती म्हणाली, "आजी, तुम्ही खाली पहिल्या रांगेत बसा. वही माझ्याकडे द्या. आजोबा, आपण नवीन दहा शब्द घेऊ."

शब्द वाचून झाले. पुन्हा पंधरा मिनिटं गेली. बाईंनी ती हाताची बोटं मोडत काढली. मग नायकराव पुढे आले.

"शिडी," ते म्हणाले. "बटण. होडी. मेणबत्ती."

आणि थांबले. ते इतके थांबले की मागच्या रांगेत कोणीतरी हळहळलं. बाईंना पाचवा शब्द येत होता. तो त्यांच्या दातांमागे येऊन उभा होता. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, डोळे मिटले.

"खडू!" नायकरावांचा आवाज आला. "टोपली. चमचा." पुन्हा थांबले. मग अतिशय आत्मविश्वासाने म्हणाले, "राजवाडा!"

राजवाडा यादीत नव्हताच. पण असा काही म्हणाले की टाळ्यांचा कडकडाट झाला.

"सात बरोबर," चष्मेवाली ओरडली. "आजी, सात! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सात म्हणजे खूप छान. या वयाला पाच आले तरी आम्ही खूश असतो. काही झालेलं नाही आजोबांना!"

बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि त्या भर सभागृहात हुंदके देऊन रडायला लागल्या, मग हसायला लागल्या, मग दोन्ही एकदम. मुख्य डॉक्टरांनी सांगितलं की स्मरणाच्या सहा वर्षांच्या नोंदी वगळाव्या लागतील, पण मूठ, पाय आणि फुप्फुसं नायकरावांची स्वतःचीच असल्यामुळे ती राहतील. पोस्टमास्तरांनी उठून विचारलं की मग डाव्या पायाचं काय. डाव्या पायाचंही वगळलं गेलं.

परतताना दोघं चालत निघाले. ऊन उतरलं होतं. बाईंना इतकं हलकं वाटत होतं की त्या फुटपाथच्या कडेने एक एक फरशी सोडून चालत होत्या. मध्येच थबकल्या.

"अहो, सात येत होते, तर मग तुम्ही चारवर थांबत का होता?"

"पॉज," नायकराव म्हणाले.

"काय?"

"पॉज घेत होतो. सगळं एका दमात ओकायचं म्हणजे त्यात गंमत काय? थांबायचं, लोकांना ताटकळत ठेवायचं, मग टाकायचा पुढचा शब्द. नट आहे मी."

बाई रस्त्यात उभ्याच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढून अडतीस वर्षं गेली. दुसऱ्या अंकातला तो प्रवेश. पत्र वाचून थांबायचे तो. दारात वळून थांबायचे तो. प्रत्येक ठिकाणी त्यांनी डोळ्यांत तेल घालून, क्षणाचाही उशीर न करता, वाक्य दिलं होतं.

"म्हणजे नाटकातसुद्धा?"

"पहिल्या दिवशी खरंच विसरलो होतो. तेवढंच. पुढचे सगळे पॉज होते." नायकराव हसले. "पेपरवाले लिहायचे, अभिनय ठीक, पण वाक्यं फार घाईने उरकतात."

"अगं बाई!" बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, अडतीस वर्षं! मग एकदा तरी मला बोलायचं होतं ना!"

"बोलणारच होतो," नायकराव म्हणाले. "दर वेळी तोंड उघडायचो, की तू पुढचं वाक्य द्यायचीस."

बाईंच्या तोंडावर उत्तर आलं होतं. चांगलं होतं. त्यांनी ते गिळलं. नायकरावांनी छाती पुढे काढली, त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. समोरून एक सायकल गेली, मग एक रिकामी बस गेली. बाई ओठ घट्ट मिटून उभ्या राहिल्या, आणि या पॉजनंतर काय येणार आहे हे आपल्याला अजिबात माहीत नाही, या विचाराने त्यांना हसूच फुटायला लागलं.